जुनी नळी, नवा छर्रा

ब्रिटनमध्ये शॉटगन एका पिढीत संपत नाही. आजोबांनी घेतलेली दोननळी नातवाच्या हाती येते, तिथून दुकानात, आणि दुकानातून कुणा नवख्याच्या घरी. नीट तेलपाणी केलेली बंदूक शंभर वर्षेही चालते, म्हणून तिथल्या बंदुकांच्या दुकानांत नव्या मालाइतकीच जुन्या मालाची रांग असते. या बंदुका घडल्या त्या काळात काडतुसात छर्रा शिशाचाच असायचा. आता शिसे चालले आहे. इंग्लंडमध्ये पाणथळ जागी आणि पाणपक्ष्यांवर शिशाचा छर्रा वापरायला १९९९ पासून बंदी आहे. पुढे वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनेही तेच केले. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिशाचे छर्रे जवळपास सगळीकडून काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यासाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ ठरवला. शिशाच्या जागी येणारा सर्वांत स्वस्त छर्रा पोलादाचा. त्यामुळे जुन्या बंदुकीचा मालक दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो हाच: माझ्या बंदुकीत हे चालेल का?

या प्रश्नाला सरसकट ‘हो’ म्हणणारा जितका चुकतो, तितकाच सरसकट ‘नाही’ म्हणणाराही चुकतो. उत्तर त्या एका बंदुकीच्या नळीत असते आणि ते वाचता येते.

त्याआधी शिसे का जाते आहे ते पाहू. बदकाला दात नसतात. दाणा भरडायला ते तळ्याच्या गाळातून बारीक खडे उचलते आणि ते त्याच्या पेषणीत जाऊन बसतात. वर्षानुवर्षे शिकार झालेल्या तळ्याच्या गाळात छर्रे पडलेले असतात. बदकाला खडा आणि छर्रा यांतला फरक कळत नाही. पेषणीत छर्रा झिजतो, आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते. पक्षी खंगत जातो, पंख ओघळतात, विष्ठा हिरवी होते आणि काही आठवड्यांत तो मरतो. मेलेले किंवा अर्धमेले बदक गरुडाने खाल्ले की विष त्याच्यापर्यंत पोचते. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्येच याबद्दल लिहिले होते. तरी तिथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर देशभर बंदी यायला १९९१ उजाडले, आणि त्यामागे टकल्या गरुडांच्या मृत्यूंवरून झालेली कोर्टबाजीही होती. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचा छर्रा पूर्णच हद्दपार केला. युरोपीय संघात पाणथळ जागांवरची बंदी फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. एका शतकाहून जास्त काळ माहीत असलेल्या विषाला इतका वेळ मिळावा, हे मला आजही समजत नाही.

छर्रा बदलला की बंदुकीला काय होते? शिसे मऊ आणि जड. पोलादी छर्रा खरे तर अगदी कमी कार्बनच्या नरम लोखंडाचा असतो, पण ते नरम लोखंडही शिशापेक्षा कितीतरी कठीण. शिशाची घनता साधारण ११.३, लोखंडाची ७.८. या दोन गुणांतून बाकी सगळे निघते. हलका छर्रा हवेत लवकर वेग गमावतो, म्हणून मोठा छर्रा घ्यावा लागतो. शिकारी मंडळींचा ठोकताळा असा की शिशात जो नंबर वापरता त्यापेक्षा दोन नंबर मोठा घ्या. नंबर घटला की छर्रा मोठा होतो, म्हणून सहा नंबरचे शिसे वापरणाऱ्याने चार नंबरचे पोलाद घ्यावे. अंतरही आटोक्यात ठेवावे लागते. लांबचा पक्षी पाडण्याचा हव्यास पोलादाला परवडत नाही, कारण त्यात पक्षी मरत नाही, जखमी होऊन निघून जातो.

खरा मुद्दा कठीणपणाचा. शॉटगनची नळी तोंडाशी थोडी निमुळती केलेली असते, तिला चोक म्हणतात. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. फुल चोकमध्ये तो तोंडाशी सुमारे एक मिलिमीटरने कमी होतो, हाफ चोकमध्ये अर्ध्या मिलिमीटरने. शिशाचे छर्रे या अरुंद जागेतून जाताना एकमेकांवर दाबले जातात, चपटे होतात आणि निसटतात. लोखंडाचा छर्रा दबत नाही. अरुंद दारात माणसांची गर्दी अडावी तसे कठीण छर्रे त्या निमुळत्या जागी क्षणभर एकमेकांना अडवतात आणि तो दाब नळीच्या भिंतीवर येतो. भिंत जाड आणि पोलाद चांगले असेल तर काही होत नाही. भिंत पातळ असेल, चोक कडक असेल, छर्रा मोठा असेल, तर नळी त्या जागी कायमची फुगते. तोंडापासून काही इंचांवर गोल कड्यासारखा हलका उठाव दिसतो. नेमबाज त्याला ‘रिंग बल्ज’ म्हणतात. दोननळीत त्या फुगवट्याने दोन्ही नळ्यांमधली डाक दिलेली पट्टीही सुटू शकते.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की कडक चोकची पोलादाला गरजच नसते. शिशाचे छर्रे वाटेत चेपतात आणि चेपलेला छर्रा भरकटतो. लोखंडाचा गोल राहतो, म्हणून छर्र्यांचा घोळका आपोआप घट्ट जातो. हाफ चोकमधून निघालेले पोलाद कागदावर जवळपास फुल चोकमधल्या शिशासारखे पडते. ब्रिटनमधल्या नेमबाज संस्थेचा, ‘बास्क’चा, सल्लाही हाच आहे: पोलाद वापरायचे तर हाफ चोक किंवा त्याहून मोकळा. जुन्या बंदुकीचा चोक कडक असेल तर तो थोडा मोकळा करून देणे हे बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे नेहमीचे काम आहे. हे काम घरी पॉलिश पेपर घेऊन कधीही करू नये.

आता बंदूक मोडा, म्हणजे रिकामी आहे याची खात्री करून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा, आणि उलट्या करून उजेडात धरा. मागच्या टोकाशी, काडतूस बसते त्या चेंबरखालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतील. ब्रिटनमध्ये बनणारी प्रत्येक बंदूक विक्रीआधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचे काडतूस उडवून तपासली जाते. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ चे. १८६८ च्या कायद्याने, प्रूफ न झालेली किंवा प्रूफबाहेर गेलेली बंदूक विकणे तिथे गुन्हा आहे. ठशांमधला ‘एनपी’ म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी परीक्षा झालेली. दाबाचा ठसा म्हणून जुन्या नळीवर ‘थ्री टन्स’ दिसेल, पुढच्या काळातल्या नळीवर ८५०, अलीकडच्या नळीवर ९३० बार. ‘नॉट नायट्रो’ दिसले तर ती बंदूक काळ्या दारूची, तिथेच विषय संपला. आणि लिलीच्या फुलाचे चिन्ह ‘स्टील शॉट’ या शब्दांसह दिसले तर ती बंदूक १३७० बारच्या पोलादी परीक्षेतून उतरली आहे.

पोलादी काडतुसे दोन जातीची असतात, आणि हा फरक न कळल्यामुळे सर्वांत जास्त घोटाळे होतात. ‘स्टँडर्ड स्टील’ काडतुसाचा कमाल दाब बारा बोअरमध्ये ७४० बार आणि छर्रा ३.२५ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही, म्हणजे ब्रिटिश नंबर तीनपर्यंत. सुस्थितीतली, बिनधुराच्या दारूला प्रूफ झालेली, मोकळ्या चोकची बंदूक हे सहन करते. ‘हाय परफॉर्मन्स’ काडतुसाचा दाब १०५० बारपर्यंत जातो आणि छर्रेही मोठे असू शकतात. ही काडतुसे फक्त लिलीचे फूल असलेल्या बंदुकीसाठी. त्यातही छर्रा चार मिलिमीटरच्या वर असेल तर चोक हाफच्या पुढे नको. खोक्यावर हे छापलेले असते, ते वाचायचे.

मग चेंबरची लांबी. जुन्या ब्रिटिश दोननळींचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे. काडतुसाच्या खोक्यावर ७० मिलिमीटर लिहिलेले असते ती लांबी बार उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. न उडालेले काडतूस त्याहून बरेच आखूड असते, त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसते. फसगत इथेच होते. बार होताना तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. ‘बसले म्हणजे चालते’ हा हिशेब बंदुकीत लावायचा नाही. ठशांमध्ये चेंबरची लांबीही कोरलेली असते, ती काडतुसाशी जुळलीच पाहिजे.

भिंतीची जाडी नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. शंभर वर्षांत नळी अनेकदा आतून घासून गंज काढलेली असते, आणि प्रत्येक घासणीत भिंत पातळ होते. ठशांमध्ये मूळ व्यास असतो, आजचा व्यास मापकाने मोजतात. दोन्हींत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक आढळला तर बंदूक प्रूफबाहेर. तिथले कारागीर इंचाच्या वीस सहस्रांशांची, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरची भिंत ही काळजीची रेषा मानतात. हे मोजमाप दुकानात दहा मिनिटांत होते. ते न करता जुनी बंदूक विकत घेऊ नये.

डोळ्यांनी दिसण्यासारखेही बरेच असते. नळी खिडकीकडे रोखून आतून पाहा. खिडकीच्या चौकटीची सावली आतल्या भिंतीवर सरळ रेघ होऊन पडते. नळी हळूहळू फिरवा. रेघ कुठे वाकली, तुटली किंवा काळे कडे दिसले, तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. मग दोननळीच्या नळ्या बोटावर लटकवून नखाने टिचकी मारा. डाक घट्ट असेल तर खणखणीत नाद घुमतो, पट्टी सुटली असेल तर आवाज बसका येतो. हे पाहायला पैसे लागत नाहीत.

दमास्कस नळीत पोलाद घालू नका. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन तापवून जोडलेल्या या नळ्यांवर लाटांसारखी सुंदर नक्षी असते, आणि त्यातल्या काहींवर ‘एनपी’ ठसाही सापडतो. तरी त्या शिशाच्या किंवा बिस्मथच्या हलक्या काडतुसांसाठीच ठेवाव्यात.

ब्राउनिंगची ऑटो-५ हे जुन्या बाजारातले बोलके उदाहरण. जॉन ब्राउनिंग यांची ही अर्धस्वयंचलित बंदूक बेल्जियममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनू लागली, आणि सत्तरच्या दशकात तिचे उत्पादन जपानच्या मिरोकूकडे गेले. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण बेल्जियमच्या नळीत पोलाद वापरू नका, असे कंपनी स्वतःच सांगते. सुपरपोझ्ड या दोन मजली बंदुकीबद्दलही तिचा हाच इशारा आहे. बदलता चोक बसणाऱ्या नव्या नळीत मात्र पोलाद चालते. म्हणून ऑटो-५ घेताना नावापेक्षा नळी कुठली आणि कुठल्या काळातली हे पाहायचे. बदलते चोक असतील तर प्रत्येक चोकवर पोलादाची परवानगी लिहिलेली आहे का तेही पाहायचे, आणि चोक आट्यांत घट्ट आवळलेला असला पाहिजे.

काडतुसातही काही बघायचे असते. पोलादी छर्रे जाड प्लॅस्टिकच्या कपात बसवतात, म्हणजे नळी घासली जात नाही. अलीकडे विघटनशील कपही मिळतात. जुन्या काडतुसात पाणी शिरले असेल तर छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात आणि एका गोळ्यासारखे नळीतून जातात. म्हणून भिजलेले, हिरवट पितळेचे, जुने पोलादी काडतूस बाजूला टाका. घरी काडतुसे भरणाऱ्याने शिशाच्या मापाची दारू पोलादाला वापरणे हा जिवाशी खेळ आहे. आणि पोलाद कठीण पृष्ठभागावरून उसळते. खडक, गोठलेले पाणी, जाड फांद्या यांच्या दिशेने बार नको, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

ज्या बंदुकीला पोलाद झेपत नाही तिच्यासाठी बिस्मथ आहे. घनता साधारण ९.७, शिशासारखे बऱ्यापैकी दबणारे, विषारी नाही. महाग आहे, पण वर्षाकाठी मोजकीच काडतुसे उडवणाऱ्याला आजोबांची दोननळी निवृत्त करावी लागत नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यामुळे बदकांची शिकार हा विषय महाराष्ट्रात बंद आहे. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात उतरणारी तलवार बदके आणि लालसरी निर्धास्त असावीत ही अपेक्षा. भूमध्य समुद्राकाठच्या पाणथळीत याच दोन जातींच्या पोटात शिशाचे छर्रे फार सापडले आहेत. बंदूक मात्र आपल्याकडेही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, आणि कोकणात अशी बंदूक अजून दिसते. तिच्या मालकांना एकच विनवणी. शिसे मिळत नाही म्हणून सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या नळीत घालू नका. काडतुसातला पोलादी छर्रा नरम लोखंडाचा असतो, बेअरिंगची गोळी मुद्दाम कडक केलेली असते, आणि ठासणीच्या नळीत तिच्याभोवती कुठलाही कप नसतो.

लंडनला, टोरांटोला किंवा टेक्सासला असलेला तुमचा भाचा किंवा पुतण्या जुनी शॉटगन घेणार असेल, तर त्याला एवढेच सांगा: आधी नळीवरचे ठसे, चेंबर, चोक आणि भिंत परवानाधारक बंदूकसाजाकडून तपासून घे, त्याच्याकडून लेखी घे, आणि मगच काडतुसाचे खोके उचल. तपासणीचा खर्च नव्या नळ्यांच्या किमतीपुढे काहीच नाही.