सूचनापेटीकडून विचारमंथनाकडे

कारखान्याच्या वा कार्यालयाच्या प्रवेशद्वाराशी टांगलेली कुलूपबंद सूचनापेटी सर्वांच्या परिचयाची आहे. तीत टाकलेल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे लिहिणाऱ्यास सहसा कळत नाही. शेजारच्या विभागातील सहकाऱ्यास तर ती दिसतही नाही. समाजमाध्यमांच्या धर्तीवरील व्यासपीठांमुळे ही उणीव दूर होऊ शकते. एकाची कल्पना दुसरा वाचतो, तीत भर घालतो, तिसरा आक्षेप नोंदवितो.

आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. कंपनीची मूल्ये कोणती असावीत, या विषयावर २००३ साली तिने आपल्या कर्मचाऱ्यांची ७२ तासांची खुली चर्चा अंतर्गत संगणकजालावर घडवून आणली. प्रारंभीच व्यवस्थापनावर टीकेचा भडिमार झाला आणि चर्चा थांबवावी, असा विचार वरिष्ठांमध्ये पुढे आला. प्रमुख सॅम पामिसानो यांनी तो मानला नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींतून व्यवस्थापनाच्या दप्तरदिरंगाईचे जे दर्शन घडले, त्यानंतर कनिष्ठ स्तरावरील व्यवस्थापकांना ग्राहकांची निकड भागविण्यासाठी वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतचा खर्च पूर्वमंजुरीविना करण्याची मुभा मिळाली. तक्रार ऐकून घेण्याचे धैर्य नसते, तर ही सुधारणा बहुधा झालीच नसती.

२००६ साली 'इनोव्हेशन जॅम' या नावाने याहून मोठा उपक्रम झाला. कर्मचारी, त्यांचे कुटुंबीय व ग्राहक कंपन्या मिळून १०४ देशांतील दीड लाखांवर व्यक्तींनी त्यात भाग घेतला आणि ४६ हजारांहून अधिक कल्पना मांडल्या गेल्या. त्यांतून निवडलेल्या दहा नव्या व्यवसायांसाठी दहा कोटी डॉलरची तरतूद जाहीर करण्यात आली. वीजवितरणाचे सुधारित जाळे, जलव्यवस्थापन व सार्वजनिक वाहतुकीची एकत्रित माहिती हे त्यांतील काही विषय होत.

मात्र खरे कष्ट चर्चा संपल्यावरच सुरू झाले. सहभागी लोक एकमेकांच्या कल्पना अपेक्षेइतक्या पुढे नेत नव्हते. नवी कल्पना मांडून मोकळे होणारेच अधिक. संगणकाने मजकुराचे वर्गीकरण केले, तरी मौलिक ते निवडण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांना दिवसचे दिवस वाचन करावे लागले. आपल्याकडे कार्यालयांचे मोबाईलवरील गट पुष्कळ आहेत. त्यांत सुप्रभात आणि अभिनंदन यांचीच वर्दळ अधिक असते. अशा गटात साहेबांच्या देखत अडचण मांडण्यास कनिष्ठ कर्मचारी सहसा धजत नाही. म्हणूनच आलेल्या सूचना कोण वाचणार, उत्तर किती दिवसांत मिळणार आणि निर्णयाचा अधिकार कोणाचा, हे संस्थेने आरंभीच जाहीर करणे इष्ट होय.