एसटीतला आमदार आणि टेंभूचं पाणी

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्याचा निकाल १९२ मतांनी लागला. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख हरले आणि काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले. गणपतराव तेव्हा सत्तरीला टेकले होते. सात वेळा निवडून येऊन झालं होतं, मंत्रिपद आणि विरोधी पक्षनेतेपदही भोगून झालं होतं. राज्यभर मिळून त्यांच्या पक्षाच्या पदरात जेमतेम सहा जागा पडल्या होत्या. अशा वयात, अशा पक्षात, एवढ्याशा मतांनी आलेल्या पराभवानंतर माणूस सत्कार स्वीकारतो, आत्मचरित्र लिहायला घेतो. गणपतराव १९९९ साली पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. २००४, २००९ आणि २०१४ मध्येही तेच घडलं. अकराव्यांदा आमदार झाले तेव्हा ते नव्वदीला आले होते.

या अकरा विजयांवरून वर्तमानपत्रांनी त्यांना ‘देशातला विक्रम’ बहाल करून टाकला. हिशेब तपासला तर तो टिकत नाही. तामिळनाडूत करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले. केरळातल्या पाला मतदारसंघाने के. एम. मणी यांना २०१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत कधी घरी बसवलं नाही, आणि त्यांचे विजयही अकराहून जास्त आहेत. पण करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले आणि मणी वर्षानुवर्षं अर्थमंत्री होते. सत्ता हाताशी असली की मतदारसंघ राखणं तुलनेने सोपं जातं. गणपतरावांच्या वाट्याला सत्ता आली ती दोनदा, तीही मिळून साडेचार वर्षांच्या आत. आमदारकीची वर्षं मोजली तर भरतात एक्कावन्न. म्हणजे सुमारे सेहेचाळीस वर्षं हा माणूस ज्याच्या हातात निधी नाही, बदल्या नाहीत, परवाने नाहीत अशा बाकावर बसून निवडून येत राहिला. विक्रम शोधायचाच असेल तर तो इथे शोधावा.

आणि मतदारसंघ तरी कसला! सांगोला हा सोलापूर जिल्ह्याचा नैर्ऋत्य कोपरा. साताऱ्याच्या डोंगरातून निघालेली माण नदी आटपाडीवरून इथे येते. वर्षातला बराच काळ ती वाळूचीच असते. पर्जन्यछायेचा मुलूख, त्यामुळे पावसाचा भरवसा नाही. ज्वारी, बाजरी, शेरडं-मेंढरं आणि खिलार जनावरांचा बाजार यांवर तालुका जगत आला. धनगर समाजाची वस्ती मोठी. गणपतराव त्याच समाजातले, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या यशात समाजाच्या संख्येचा वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केवळ जातीच्या गणितावर अर्धशतक निघत नाही. त्याच गणिताचे इतर हिशेबनीस प्रत्येक निवडणुकीला उभे राहतातच.

ते १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, ती महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. पंधरा आमदारांचा शेकाप हा दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. शेकाप १९४७ साली काँग्रेसमधूनच बाहेर पडला होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्याची सुरुवातीची माणसं, आणि १९५० चा दाभाडी प्रबंध ही त्याची मार्क्सवादी दीक्षा. पण जेधे-मोरे लवकरच स्वगृही परतले. पुढे यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं, आणि त्या बेरजेत शेकापची माणसं एकेक करून मिळवली गेली. यात विचारांपेक्षा साखरेचा हात मोठा होता. सहकारी साखर कारखाना काढायचा तर परवाना, सरकारी भागभांडवल आणि कर्जाची हमी लागे; ती सरकार देई, आणि सरकार काँग्रेसचं होतं. ज्याला आपल्या भागात कारखाना हवा होता त्याला विरोधी बाकावर बसणं परवडणारं नव्हतं.

१९६७ साली शेकापचे एकोणीस आमदार होते, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा तोच पक्षाचा कळस. १९७२ मध्ये सात उरले. अधूनमधून आकडा थोडा वर जाई, पण पक्ष हळूहळू बेटांपुरता उरला. अलिबागला दत्ता पाटील, कंधारला केशवराव धोंडगे, सांगोल्याला गणपतराव. प्रत्येक बेटाची माती वेगळी होती. सांगोल्याच्या मातीत ऊस नव्हता, आणि माझ्या मते शेकाप इथे टिकण्याचं पहिलं कारण तेच. जिथे पाणी नाही तिथे साखरसम्राट तयार होत नाही. तालुक्यात साखर कारखाना निघाला, पण तो वर्षानुवर्षं बंदच पडून होता.

१९७२ च्या निवडणुकीत गणपतरावही पडले होते. काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं. पाठोपाठ महाराष्ट्राच्या आठवणीतला तो भीषण दुष्काळ आला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत गणपतराव पुन्हा सभागृहात पोहोचले तेव्हा रोजगार हमी हा राज्याच्या राजकारणातला कळीचा विषय झालेला होता. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे या काँग्रेसच्या ज्येष्ठ नेत्याची. पण तिचा कायदा व्हावा, मजुरी वेळेवर मिळावी, काम गावापासून जवळ असावं यासाठी रेटा लावला तो डाव्या पक्षांनी आणि शेकापने. कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या दिवशी गणपतराव शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात होते. त्यांच्याच पक्षाचे एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीने बरखास्त केलं.

त्याआधी, १९७७-७८ मध्ये, गणपतराव विरोधी पक्षनेते होते. पण त्यांचं खरं काम पदाविना चाले. विधिमंडळाच्या कामकाजाची अवजारं बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि मग उपप्रश्न येतात. उत्तर खात्याने लिहून दिलेलं असतं. उपप्रश्नाचं उत्तर मात्र लिहून दिलेलं नसतं. जुन्या सदस्याचं भांडवल इथे कामाला येतं. दहा वर्षांपूर्वी याच विषयावर याच सभागृहात कोणत्या मंत्र्याने काय आश्वासन दिलं होतं, हे ज्याला आठवतं, त्याच्यासमोर नवा मंत्री चाचपडतो. दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, पण ती हलवायलाही कुणीतरी चिवट माणूस लागतो. तीन-चार आमदारांच्या पक्षाला सरकार पाडता येत नाही. सरकारकडून एखादं वाक्य इतिवृत्तात नोंदवून घेणं मात्र जमतं, आणि मतदारसंघात परतल्यावर तेच वाक्य तहसीलदारापुढे ठेवता येतं.

त्यांचा एसटीचा प्रवास हा एव्हाना दंतकथेचा भाग झाला आहे. आमदाराला एसटीचा मोफत पास असतो, गाडीत त्याच्यासाठी राखीव आसनही असतं. त्या आसनावर आमदार दिसणं ही गोष्ट मात्र दुर्मीळ झाली. गणपतराव त्या आसनावर बसत. मुंबईत मुक्काम आमदार निवासात. साधेपणाची ही वर्णनं मृत्युलेखांतून इतकी आली की माणूस संत वाटू लागला. त्यातलं राजकारण कुणी फारसं सांगितलं नाही. एसटीत शेजारी बसणारा माणूस रेशनकार्डापासून विहिरीच्या वीजजोडापर्यंत सगळं बोलतो, आणि मोटारीतल्या आमदाराला ते ऐकायला आधी कार्यकर्त्यांची फळी पार करावी लागते. सांगोला ज्यांना ‘आबासाहेब’ म्हणे त्यांना भेटायला दलाल लागत नाही, ही खात्री हीच त्यांची निवडणूक यंत्रणा होती.

संस्था त्यांनीही काढली, पण साखरेची नव्हे, सुताची. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी! विदर्भ-मराठवाड्यातून गाठी आणायच्या, चात्यांवर सूत काढायचं आणि ते यंत्रमागांच्या बाजाराला विकायचं. कागदावर हा उलटा व्यवहार वाटतो. पण उसाला लागतं तेवढं पाणी सुताला लागत नाही, हात मात्र भरपूर लागतात, आणि यंत्रमागांची सोलापूर आणि इचलकरंजी ही शहरं काही फार लांब नाहीत. राज्यात कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, अवसायनात गेल्या. सांगोल्याची गिरणी नावाजली गेली. पुढे महिलांची स्वतंत्र गिरणीही निघाली. दुष्काळी गावातल्या बाईला रोजगार हमीच्या खडीऐवजी पगाराचं काम मिळणं, याचं मोल मतांच्या भाषेत सांगायची गरज नाही. गिरणीवर पकड असणं म्हणजे राजकीय बळ असणं, हेही खरं. साधेपणाच्या गोष्टी सांगताना ही बाजू सोडू नये.

१९९९ मध्ये दोन्ही काँग्रेसच्या आघाडीला शेकापच्या पाच आमदारांनी पाठिंबा दिला आणि गणपतराव विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले. दुष्काळी तालुक्याच्या प्रतिनिधीकडे रोजगार हमीचं खातं आलं. जून २००२ मध्ये ते गेलं, तेही सांगोल्याशी काडीचा संबंध नसलेल्या कारणाने. रायगड जिल्हा परिषदेतल्या राष्ट्रवादी आणि शेकापच्या भांडणातून पक्षाने पाठिंबा काढला. सरकार तगलं, शेकापची मंत्रिपदं गेली. अलिबागच्या बेटावरचं वादळ सांगोल्याच्या बेटावर येऊन आदळलं, असा हा प्रकार. त्यांनी पक्षाचा आदेश मानला. पक्ष बदलून खातं वाचवणं तेव्हाही अशक्य नव्हतं.

आता पाण्याकडे येऊ, कारण या कारकिर्दीचं मूल्यमापन शेवटी तिथेच होतं. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० अब्ज घनफूट पाणी दिलं आणि त्या वाटपाला मे २००० ची मुदत होती. त्या मुदतीच्या धास्तीने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि कामं धडाक्याने सुरू झाली. पण पाणी नदीकाठच्या उसालाच जाणार, की उपसून वरच्या माळाला, हा प्रश्न राजकीय होता. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवून तो ऐरणीवर आणला, आणि गणपतराव त्या व्यासपीठावर अण्णांच्या बरोबरीने उभे राहिले. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची, पंपांच्या टप्प्यांनी पाणी चढवत सातारा-सांगलीच्या माळावरून सांगोल्यापर्यंत न्यायचं, असा हा उपसा सिंचनाचा खटाटोप. लाभक्षेत्र सुमारे ऐंशी हजार हेक्टर. सांगोला या कालव्याच्या शेपटाला. शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी शेवटी मिळतं आणि बंद मात्र सगळ्यांत आधी होतं, हे कुठल्याही पाटकऱ्याला विचारा.

म्हणून विरोधकांचा सवाल चुकीचा नव्हता: पन्नास वर्षं आमदार राहून पाणी का आलं नाही? उत्तर सोपं नाही. एका विरोधी आमदाराच्या रेट्याने धरण होत नाही. पण मतदाराने तरी किती पिढ्या थांबायचं? दरम्यान लोकांनी आपला मार्ग काढला. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० च्या सुमारास आली, ठिबक आलं, शेततळी आली, आणि मुरमाड जमिनीवर डाळिंब उभं राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, बंगालमधल्या शालिमारला. टेंभूसारख्या उपसा योजनांच्या वीजबिलाचा घोळ पुढे ८१-१९ च्या सूत्राने निस्तरला गेला: ८१ टक्के सरकारचे, १९ शेतकऱ्यांचे. त्यामुळे पंप चालू राहण्याची शक्यता वाढली, एवढं म्हणता येईल.

वयामुळे २०१९ मध्ये त्यांनी उभं राहायचं नाकारलं. शेकापने उमेदवारी दिली ती नातवाला, अनिकेत देशमुखांना. ७६८ मतांनी ते हरले. जिंकले तेच शहाजीबापू, आता शिवसेनेचे. पुढे गुवाहाटीहून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’च्या फोनने त्यांचं नाव राज्याबाहेरही गेलं. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात वारले. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याच्या अनावरणाला शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एका मंचावर आले. हयातभर आपला पक्ष न सोडलेल्या माणसाला ते कितपत रुचलं असतं, कोण जाणे.

२०२४ मध्ये दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून जास्त मतांनी हरवून निवडून आले. घराणेशाहीवर टीका करत वाढलेल्या पक्षाला शेवटी घराण्यातच उमेदवार सापडावा, हे गणपतरावांच्या कारकिर्दीतलं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं अपयश आहे. पन्नास वर्षांत त्यांनी तालुक्यात हजारो कार्यकर्ते घडवले, पण आडनावाविना निवडून येईल असा दुसरा माणूस मात्र पुढे आला नाही. एकेकाळी एकोणीस आमदार असलेल्या शेकापचा आजच्या विधानसभेत एकच आमदार आहे, आणि तो सांगोल्याचा आहे.