डोक्याचा मुका मार अंगावर काढू नका

ट्रॉलीवरून घसरला, आंब्यावरून पडला, बैलानं ढुशी दिली. रक्त नाही, खोक नाही. "मुका मार हाय, व्हईल बरा" म्हणत गडी दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. मग डोकं ठणकतं, गरगरतं, ऊन सोसवत नाही. हा मेंदूला बसलेला हादरा असतो. शुद्ध हरपली नाही तरी तो बसू शकतो.

वारंवार उलट्या, झटके, ग्लानी, वाढती डोकेदुखी किंवा हातापायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे.

इतरांनीही डॉक्टरांना दाखवावे व एक-दोन दिवस आराम करावा. मात्र पंधरा दिवस अंथरूण धरू नये. खेळातील अशा दुखापतींवर 2022 साली ॲमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही हेच सांगितले. हलके चालावे, त्रास फार वाढला तर थांबावे.

दहा दिवसांनंतरही डोकेदुखी, चक्कर, मानदुखी राहिली तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. आखडलेल्या मानेमुळेही डोकं दुखतं. मानेचे, नजर स्थिर ठेवण्याचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम ते शिकवतात. कोणाकडूनही मान मोडून घेऊ नये. रोज गोळी हाही इलाज नव्हे. महिन्यातले पंधरा दिवस वेदनाशामक घेत राहिल्यास गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

कामावर पायरीपायरीने यावे. ट्रॅक्टर, झाड, विहीर डॉक्टरांनी सांगितल्यावरच. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर दुखणे लांबते.

सरपंच, पोलीस पाटलांनी धोक्याची लक्षणे पंचायतीच्या फळ्यावर लिहावीत. खडूच्या चार ओळींनी एखाद्याचा जीव वाचेल.