फंडांची अदलाबदल

हिंगोलीच्या बाजारांत हळदीचा भाव न पटल्यास ती सांगलीस नेतां येते. परंतु तेथील भाव मोजतांना गाडीभाडें, हमाली व तोलाई वजा करावीं लागतात. म्युच्युअल फंडांतील पैसा एका योजनेंतून दुसरींत हलविण्याचेंही असेंच आहे. प्राप्तिकराच्या दृष्टीनें ही विक्रीच होय.

समजा, एका करदात्या गृहस्थाचे समभाग योजनेंतील १,००,००० रुपये दहा महिन्यांत १,२०,००० झाले. पुष्कळ योजनांत वर्षाच्या आंत पैसा काढल्यास एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे येथें १,२०० रुपये, कापला जातो. उरलेल्या १८,८०० रुपये नफ्यावर, २३ जुलै २०२४ पासूनच्या २० टक्के दरानें, कर ३,७६० रुपये, उपकर निराळा. हातीं राहिले १,१५,०४०. नव्या योजनेंत चार टक्क्यांहून अधिक मिळेल, तेव्हां कोठें मूळ रक्कम भरून निघेल!

वर्ष उलटूं दिलें, तर हा लोड सहसा सुटतो, आणि एका आर्थिक वर्षांतील असा नफा १,२५,००० रुपयांपर्यंत करमुक्त राहतो. दोन महिन्यांच्या धीराचें मोल तें हेंच.

यास्तव गतवर्षीं पहिली आलेली योजना पाहून धांवूं नये. जुनी योजना कित्येक वर्षें आपल्या निर्देशांकाच्या मागें पडत असेल, अथवा पैशाची गरज जवळ आली असेल, तरच हिशेब करून पैसा हलविणें इष्ट.