गुळाची काहील कां बिघडते ?



दिवाळी उलटली कीं हातकणंगले तालुक्यांतल्या वाटांवर उकळत्या रसाचा गोड आणि किंचित् करपट असा वास येऊं लागतो. वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख उंसाचा. साखरेचे कारखाने उभे राहिले, तरी गुऱ्हाळें अगदींच निमालेलीं नाहींत. कोल्हापुरी गुळाला २०१४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. शहरांत आपण गुळाची ढेप घेतांना तिचा रंग पाहतों, कण पाहतों. पण तो रंग आणि तो कण काहिलीच्या शेवटच्या चार-पांच मिनिटांत राहतो किंवा जातो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

हातकणंगल्याजवळ माझ्या एका स्नेह्यांचें गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामांत त्यांचा जुना गुळव्या आजारपणामुळें घरीं बसला. गुळव्या म्हणजे पाक केव्हां झाला हें सांगणारा माणूस. सारें गुऱ्हाळ त्याच्या एका शब्दावर चालतें. आतां काय करावें ? स्नेह्यांनीं तापमापक विकत आणला. मुंबईस मिठाईचा धंदा करणाऱ्या एका आप्तांनीं त्यांना सांगितलें होतें कीं ११८ अंश झाले म्हणजे पाक उतरावा. "यांत कसलें आलें आहे कसब !" असें म्हणून त्यांनीं चुलवाण पेटविलें, आणि पहिल्या आठवड्यांतच दोन काहिली काळ्या पडल्या. हजार लिटर रसाच्या काहिलींतून पावणेदोनशे किलोंच्या आसपास गूळ निघतो. रंग गेला कीं अडतीवर त्याचा भाव असा पडतो कीं तोडणीची मजुरी सुटणें कठीण. मीं रसायनशास्त्र शिकविण्यांत आयुष्य घालविलें, एवढ्याच भांडवलावर मला बोलावणें आलें.

आधीं हा ताप चढतो कसा, तें पाहूं. उंसाच्या रसांत शंभरांत अठरा-वीस भाग साखर, बाकी बहुतेक पाणी. पाणी उडत जातें तसा रस अधिकाधिक उष्णतेवर उकळूं लागतो. परंतु हें चढणें सारख्या पावलांनीं होत नाहीं. साखर शंभरांत साठ भाग झाली तरी उकळी साध्या पाण्याहून जेमतेम तीन अंश वर असते. सत्तर भागांस साडेपांच, ऐंशीस दहा-अकरा, आणि त्यापुढें बाण सुटावा तसा पारा वर जातो. दोन तास कांहींच घडत नाहीं असें वाटतें, आणि मग पानाला चुना लावीपर्यंत काहील हातची जाते. लाडवांचा पाक करणाऱ्या भगिनींना हें मीं सांगावयास नको. एकतारी होईपर्यंत ताटकळणें, आणि गोळीबंद केव्हां झाला तें मात्र कळतच नाहीं !

मीं प्रथम तापमापक नुसत्या उकळत्या पाण्यांत धरला. पारा ९८ वर थांबला.

"पाहा मास्तर," स्नेही म्हणाले, "दुकानदारानें वाईट माल गळ्यांत बांधला !"

माल चोख होता. हातकणंगले समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांहून अधिक उंच. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणीच मुळीं ९८ अंशांस उकळतें. मुंबईच्या ११८ चा अर्थ 'उकळत्या पाण्याहून १८ अंश वर' असा, आणि येथें तो ११६ लाच पुरा होतो. स्नेही प्रत्येक काहील दोन अंश अधिक शिजवीत होते. कोणाचाही आंकडा घेतांना तो कोठें मोजला हें विचारावें, नाहीं तर सरळ आपल्या उकळत्या पाण्यापासून अंश मोजावे.

दुसरा दोष हाताचा होता. गडी तापमापक वरवर, फेसांत धरी. फेसांत हवा फार. तेथें ताप कमी दिसतो, आणि खालीं पाक पुढें गेलेला असतो. बुडाला टेकविला तर उलट, पत्र्याचाच ताप दिसावयाचा. तो पाकाच्या मध्यावर, काठीला बांधून धरला पाहिजे. (कांचेचा पाऱ्याचा तापमापक मात्र काहिलींत नको, फुटला तर सारी काहील विषारी म्हणून टाकावी लागेल. आम्ही पुढें धातूच्या दांड्याचा आणला.)

तिसरी गोष्ट चुलवाणाची. चिपाड टाकणें थांबविलें म्हणजे ताप थांबला, अशी समजूत असते. पण आंतल्या विटा लाल झालेल्या असतात, निखारे असतात, पत्रा तापलेला असतो. आम्ही मोजलें तेव्हां जाळ बंद केल्यावरही पाक तीन अंश चढला ! तेव्हां जाळ तीन अंश आधींच आटोपावयाचा, आणि काहील उतरून पाक वेळ न दवडतां वाफ्यांत ओतावयाचा.

यानंतरची काहील सोन्यासारखी उतरली. मीहि थोडा फुगलों, हें कबूल करतों. कारण पुढचीच काहील मऊ निघाली; मोजमाप सारें बरोबर, आणि गूळ मात्र रव्यांत धरेना.

त्या दिवशीं तो जुना गुळव्या काठी टेकीत आला होता. त्यानें उरलेल्या पाकाचा थेंब गार पाण्यांत सोडला, बोटांनीं चेपला आणि माझ्याकडे न पाहतां विचारलें, "ऊस कवाचा हाय ह्यो, अण्णा ?"

चरक बिघडल्यामुळें ऊंस तोडून तीन दिवस पडला होता. तोडलेल्या उंसांत साखर फुटूं लागते. एका कणाचे द्राक्षशर्करा आणि फलशर्करा असे दोन कण होतात. या दोन शर्करा लवकर दाणा धरीत नाहींत, हें एक. दुसरें अधिक फसवें आहे. उकळीचा अंश कणांच्या संख्येवर चढतो. कण वाढले म्हणजे पाणी अद्याप पुष्कळ असतांनाच पारा ठरल्या खुणेवर पोंचतो. तापमापक खोटें बोलला नव्हता; त्याला विचारलेला प्रश्नच निराळा होता. गुळव्याचीं बोटें अंश मोजीत नाहींत, गोळी घट्ट होते कीं नाहीं तेंच पाहतात, म्हणून तीं फसत नाहींत. चुन्याच्या निवळीनें रसाची आंबट धांव रोखतां येते, पण फुटलेली साखर पुन्हां सांधत नाहीं, आणि निवळी जास्त झाली तर गूळ आणखी काळवंडतो.

"मग हा राहिलेला ऊंस फेंकायचा काय ?" स्नेह्यांनीं विचारलें.

"काकवी करा," म्हातारा म्हणाला.

तें मला सुचावयास हवें होतें. काकवी पातळच हवी. साखर थोडी फुटलेली असली तर ती बरणींत दाणा न धरतां राहते. उरलेला रस आम्ही उकळत्या पाण्याहून सात-आठ अंशांवरच उतरविला. त्यांतली एक बरणी माझ्या घरीं आली, ती चैत्रापर्यंत भाकरीबरोबर पुरली.