शुक्रवारी थीम, रविवारी गेम

मोठा व्हिडिओ गेम बनवायला शेकडो माणसं आणि चार-पाच वर्षं लागतात. पण त्याच जगात असेही लोक आहेत, जे शुक्रवारी संध्याकाळी कोऱ्या स्क्रीनसमोर बसतात आणि रविवारी रात्री दुसऱ्याच्या हातात खेळण्याजोगा गेम ठेवतात. याला म्हणतात गेम जॅम. ठरल्या वेळी थीम जाहीर होते, घड्याळ सुरू होतं आणि वेळ संपली की जे तयार असेल ते सगळ्यांसमोर मांडायचं. बहुतेक जॅममध्ये रोख बक्षीस नसतं, तरी माणसं येतात. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींसाठी ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना यातली नशा वेगळी सांगायला नको.

कुठल्याही कंपनीचा आधार नसलेल्या डेव्हलपरनं वर्षातून एकदा तरी जॅममध्ये उतरावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. घरी एकट्यानं सुरू केलेले गेम बहुधा अर्ध्यावर पडून राहतात. जॅममध्ये गेम छोटा होतो, ओबडधोबड होतो, पण पूर्ण होतो. आणि पूर्ण झालेल्या त्या इवल्या गेममधून पुढे काय काय निघालं, ते बघा.

सुरुवातच एक लाखापासून

मार्च २००२. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये क्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांचे काही मित्र जमले. गेमच्या धंद्यात पैसा इतका गुंतलेला की नवा प्रयोग करायला कोणी धजावत नाही, ही त्यांची खंत. त्यांनी एक इंजिन आधीच लिहून ठेवलं होतं. त्याची करामत एकच: पडद्यावर एकाच वेळी एक लाख छोटी माणसं दाखवता यायची. मित्रांना सांगितलं, या लाखभर माणसांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. ‘इंडी गेम जॅम’ या नावानं झालेला हा मेळा आजच्या सगळ्या जॅमचा मूळपुरुष.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल २००२ मध्ये, जेफ हाउलंड यांनी ‘लुडम डेअर’ सुरू केला. पहिल्या वेळी मुदत होती २४ तास आणि गेम आले १८. एवढा वेळ फारच कमी पडतो हे लगेच लक्षात आलं आणि मुदत ४८ तासांवर गेली. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला.

धडधड

२००९ च्या जानेवारीत ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला. एकाच शनिवार-रविवारी, २३ देशांत, एकच थीम. ही थीम नेहमी शब्दांतच येते असं नाही. २०१२ ला नुसतं चित्र दाखवलं: स्वतःचीच शेपटी गिळणारा साप. २०१३ ला तर फक्त आवाज ऐकवला, हृदयाच्या ठोक्यांचा.

हे ठोके ऐकून लंडनच्या बॉसा स्टुडिओजमधल्या चौघांना सुचलं की आपण हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया करायची. गंमत पुढे आहे. खेळणाऱ्याच्या ताब्यात सर्जनचा एकच हात, आणि त्या हाताच्या प्रत्येक बोटाला कीबोर्डवरचं वेगळं बटण. साधा चिमटा उचलताना हातोडा पेशंटच्या पोटात पडतो, घड्याळ फुफ्फुसात जातं. गेम खेळतानाचे व्हिडिओ बघून लोक हसून लोळले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘सर्जन सिम्युलेटर २०१३’ विक्रीला आला. जानेवारीतला ठोका, एप्रिलमध्ये दुकानात!

भुकेलेला सरदार

माझा सगळ्यात लाडका किस्सा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. एरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे दोघे ऑगस्ट २०१३ मधल्या लुडम डेअरमध्ये उतरले. थीम होती ‘१० सेकंद’. त्यांनी ‘हंग्री नाइट’ बनवला: एक चिमुकला सरदार, डोक्याला पांढरी कवटी, सतत भुकेला. किडे मारत राहायचं, नाहीतर उपासमारीनं मरायचं. गेम काही फार जमला नव्हता. न्यूग्राउंड्स या साइटवर त्याला पाचपैकी एक तारा मिळत होता.

दोघे पुढच्या वर्षी पुन्हा एका जॅमसाठी बसले. थीम होती ‘पृष्ठभागाच्या खाली’. या वेळी तर मुदतच चुकली, गेम वेळेत झालाच नाही. पण थीम डोक्यातून जाईना. गावाखाली खोल गुहा, त्या गुहांत एक बुडालेलं प्राचीन राज्य, सगळीकडे किडेच किडे, आणि त्यात फिरायला आपला तो पांढऱ्या कवटीचा सरदार. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याचा ‘हॉलो नाइट’ झाला. आज तो या पिढीतल्या सगळ्यात आवडत्या गेमपैकी एक आहे. त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला आला, तेव्हा खरेदीदारांच्या झुंबडीनं स्टीमसारखी ऑनलाइन दुकानं कोलमडली.

एक तारा मिळालेला गेम आणि एक वेळेत न झालेला गेम. दोन्हींतून एकेक गोष्ट उचलली गेली: पहिल्यातून पात्र, दुसऱ्यातून जागा. जॅममधला गेम फसला म्हणून फाइल डिलीट करू नका, एवढंच मी म्हणेन.

बर्फ वितळत नाही

कोपनहेगनचा ‘नॉर्डिक गेम जॅम’, २०१७. थीम: ‘नॉट देअर’. फिनलंडचा आर्वी तेइकारी त्यातल्या ‘नॉट’वर अडला. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हा ‘नॉट’ रोजचा, तर्कशास्त्रातला नकार. त्याच्या डोळ्यांसमोर चित्र आलं: उकळत्या लाव्हात बर्फाची लादी पडली आहे आणि तरी वितळत नाही, कारण बाजूलाच ‘बर्फ वितळत नाही’ असं लिहिलेलं आहे! म्हणजे गेमचे नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पडद्यावर पडलेले, आणि खेळणाऱ्यानं ते ढकलून नियम बदलायचे. ‘भिंत अडवते’ या वाक्यातला एक ठोकळा सरकवला की भिंतीतून आरपार चालत जा. जॅममध्ये पहिला क्रमांक मिळाला आणि २०१९ मध्ये ‘बाबा इज यू’ पूर्ण रूपात आला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला हा सगळ्यात बुद्धिमान कोडी-गेम, आणि त्याचा गाभा दोन दिवसांत सापडलेला.

झटपट

‘सुपरहॉट’मध्ये तुम्ही हललात तरच काळ पुढे सरकतो. थांबलात की बंदुकीच्या गोळ्याही हवेत थबकतात. पोलंडच्या टीमनं हा २०१३ मध्ये सात दिवसांच्या नेमबाजी जॅमसाठी केला, पूर्ण गेम २०१६ ला आला.

‘सेलेस्टे’चा पहिला अवतार चार दिवसांत झाला, तोही पिको-८ वर. पिको-८ म्हणजे मुद्दाम तोकडा ठेवलेला काल्पनिक कन्सोल: १२८ बाय १२८ पिक्सेल, १६ रंग, बस्स. २०१८ मध्ये मोठा ‘सेलेस्टे’ आला तेव्हा मॅडी थोरसन आणि नोएल बेरी या त्याच्या कर्त्यांनी तो मूळ छोटा गेम आतच लपवून ठेवला.

‘माइनक्राफ्ट’ची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली. त्याचा कर्ता मार्कुस पेर्सन महिन्याभरात लुडम डेअरला हजर! ४८ तासांत त्यानं ‘मिनिक्राफ्ट’ नावाचा चिमुकला गेम केला.

डॅनियल मलिन्स तर जॅमचाच माणूस. त्याचा ‘पोनी आयलंड’ लुडम डेअरमधून निघाला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये थीम आली, ‘बळी द्यावाच लागेल’. त्यानं पत्त्यांचा गेम केला: एक पान खेळायचं तर दुसऱ्या पानांचा बळी द्या. त्यातून २०२१ चा ‘इन्स्क्रिप्शन’ जन्मला.

‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’, २०१४, कॅनडातलं ओटावा. डोळ्यांना लावायचा व्हीआर हेडसेट एका वेळी एकालाच लावता येतो. एक जण खेळतोय आणि बाकीचे नुसते बघत उभे. मग बघणाऱ्यांनाच कामाला लावलं: हेडसेटवाल्याला बॉम्ब दिसतो, बाकीच्यांच्या हातात तो निकामी करण्याची पुस्तिका, आणि दोन्ही बाजूंनी आरडाओरडा.

रुळांवर ५२ तास

एड्रिएल वॉलिक या डेव्हलपरनं २०१४ मध्ये ‘ट्रेन जॅम’ सुरू केला. सॅन फ्रान्सिस्कोला दर वर्षी गेम डेव्हलपरांची मोठी परिषद भरते. तिकडे विमानानं जाण्याऐवजी शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिर गाडी पकडायची आणि ५२ तासांच्या प्रवासात गेम बनवायचा. बाहेर रॉकी पर्वत, आत लॅपटॉप, आणि इंटरनेटचा भरवसा नाही. ज्यांना अडलं की आधी इंटरनेटवर शोधायची सवय, त्यांना शेजारच्या बाकावरच्या माणसाला विचारावं लागायचं.

१३ किलोबाइट

आंद्जेय मजूर यांच्या ‘जेएस१३के’ स्पर्धेत २०१२ पासून एकच अट आहे: ब्राउझरवर चालणारा अख्खा गेम, चित्रं-आवाजासकट, झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसला पाहिजे. मोबाइलवर काढलेला एक फोटोही याच्या शंभरपटीहून मोठा असतो. मुदत मात्र ऐसपैस, १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर. इथे लोक चित्रांची फाइल ठेवतच नाहीत, चित्र काढणारं कोड लिहितात. संगीताचंही तेच.

आवाजावरून आठवलं. जॅममध्ये सगळ्यात आधी बळी जातो तो आवाजाचा. शेवटच्या तासात कोणाला उडी मारल्याचा ‘टुंइंग’ करायला वेळ असतो? डिसेंबर २००७ च्या लुडम डेअरसाठी टोमास पेटरसन या स्वीडिश डेव्हलपरनं ‘एसएफएक्सआर’ नावाचं छोटं साधन बनवून सगळ्यांना वाटलं. नाणं, लेझर, स्फोट, उडी अशी बटणं. दाबलं की दर वेळी नवा आवाज. पुढे स्टीफन लॅव्हेल यांनी त्यावरून ‘बीएफएक्सआर’ केलं. हजारो छोट्या गेममधले नाणी उचलल्याचे आवाज या दोन साधनांतून आले आहेत. एका डेव्हलपरनं सगळ्या स्पर्धकांसाठी अवजार बनवून द्यावं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि हा काही अपवाद नाही, जॅमची रीतच तशी आहे. लुडम डेअरमध्ये गेम दिला म्हणजे संपलं नाही. पुढचे काही आठवडे सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळून गुण द्यायचे. तुमच्या गेमला किमान २० जणांनी गुण दिले तरच तुमचा क्रमांक लागतो, आणि तुम्ही दुसऱ्यांचे गेम जितके खेळाल तितका तुमचा गेम यादीत पुढे सरकतो. नवख्या डेव्हलपरला वीस अनोळखी माणसं गेम खेळून खरं मत सांगतात, हे दुसरीकडे विकत घेऊनही मिळत नाही.

बुडती कंपनी तारली

टिम शेफर यांच्या डबल फाइन कंपनीत ‘अम्नीशिया फोर्टनाइट’ असायचा. दोन आठवडे चालू काम विसरायचं, छोटे गट करायचे आणि वाटेल तो गेम बनवायचा. प्रकाशकानं ‘ब्रूटल लेजंड’चा दुसरा भाग रद्द केला आणि कंपनी अडचणीत आली, तेव्हा शेफर यांनी हेच छोटे नमुने बाहेर काढून प्रकाशकांकडे नेले. ‘कॉस्च्युम क्वेस्ट’ आणि ‘स्टॅकिंग’ त्यातूनच आले.

कंपन्यांमधल्या जॅमचं ताजं उदाहरण ‘पीक’चं. स्वीडनची लँडफॉल आणि अमेरिकेची ॲग्रो क्रॅब या दोन छोट्या कंपन्यांची मंडळी २०२५ च्या सुरुवातीला दक्षिण कोरियात एकत्र राहिली आणि महिनाभराच्या जॅममध्ये मित्रांनी मिळून डोंगर चढण्याचा गेम उभा केला. जूनमध्ये तो विक्रीला आला आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख प्रती खपल्या.

आपल्याकडे

इथला एक धागा अमेरिकेतून येतो. २००५ च्या सुमारास तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी नियम केला: एका माणसानं, सात दिवसांत, एक गेम. एका सत्रात पन्नासहून अधिक गेम झाले. काइल गेबलरच्या त्यातल्याच ‘टॉवर ऑफ गू’चा पुढे गाजलेला ‘वर्ल्ड ऑफ गू’ झाला. त्या चौघांत एक होते शालीन शोधन, ज्यांनी पुढे ‘मसाला गेम्स’ काढून भारतीय शहरात घडणारा ‘डिटेक्टिव्ह डॉटसन’ केला. आणि जॅम आता इथेही होतात: मे २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ हे माध्यम-मनोरंजनाचं संमेलन झालं, त्याच्या स्पर्धांमध्ये ‘रोड टू गेम जॅम’ होताच.

पहिल्यांदा उतरणार असाल तर इच डॉट आयओ या साइटवर जॅमचं कॅलेंडर बघा. कुठलाही महिना काढा, चालू जॅम सापडतोच. गोडो हे इंजिन मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही निभावतं. सुचलेल्या कल्पनेचा अर्धा भाग पहिल्याच तासाला कापून टाका, मग उरलेल्याचाही अर्धा. शनिवारी रात्रीपर्यंत गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता आला पाहिजे, मग तो कितीही कुरूप असो. रविवार सजावटीसाठी. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती नक्की द्या, कारण अनोळखी माणसाचा गेम डाउनलोड करायला लोक कचरतात. आणि झोपा! पहाटे चारला लिहिलेल्या कोडमधले बग शोधण्यातच सकाळ जाते.

ग्लोबल गेम जॅम जानेवारीच्या शेवटी असतो आणि प्रत्यक्ष एका जागी जमून करता येतो. कोड येत नसेल तरी जा. चित्र काढणारे, तबला-गिटार वाजवणारे, संवाद लिहिणारे तिथे हवेच असतात. सोबत एक एक्स्टेंशन बोर्ड घ्या, अशा ठिकाणी प्लग पॉइंट नेहमी कमी पडतात.