भत्ता घ्या, पण आधी वर्गात बसा?

जाहीरनाम्यात बेरोजगार भत्त्याचं आश्वासन दिसलं की चहाच्या टपरीवर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "फुकट पैसे कशाला वाटता? काहीतरी शिकायला लावा, मग द्या." वाक्य समंजस वाटतं. करदात्याला पटतं, बेरोजगार मुलांच्या आईबापांनाही पटतं. राजस्थान आणि छत्तीसगढ या राज्यांनी ते अमलातही आणून पाहिलं. तरीही या वाक्यात बरंच काही न तपासता गृहीत धरलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

"आपल्याकडे बेरोजगाराला हक्काचं असं काही मिळतच नाही"

मिळतं, पण फार थोड्यांना, आणि त्यांच्यापैकीही अनेकांना ते ठाऊक नसतं. 'ईएसआय'चं कार्ड दवाखान्यापुरतंच असतं अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंत पैसे मिळतात. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत, करोनाकाळात ते प्रमाण ५० टक्के झालं. त्याआधी २००५मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर पहिलं वर्ष निम्मा पगार आणि दुसरं वर्ष पाव पगार अशी तिची आजची रचना आहे. तिच्यात महामंडळाच्या खर्चाने प्रशिक्षण घेण्याची सोय आहे. सोय आहे, सक्ती नाही.

हा पैसा सरकारी खिरापत नव्हे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी महामंडळात जमा होते, आणि हे विम्याचं छत्र महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. ज्याने वर्षानुवर्षं वर्गणी भरली, त्याच्या दाव्यावर "आधी कोर्स करा" असा शिक्का मारणं मला पटत नाही. गाडीच्या विम्याचे पैसे देताना कंपनी तुम्हाला पुन्हा ड्रायव्हिंग शिकायला पाठवत नाही.

राज्यं देतात तो भत्ता वेगळा. तो तिजोरीतून येतो, त्यामागे वर्गणी नसते, त्यामुळे त्यावर अट घालायचा सरकारचा अधिकार अधिक भक्कम आहे. प्रशिक्षणाच्या अटीवर बोलताना या दोन पैशांची गल्लत होते आणि वाद तिथेच भरकटतो.

"लाडका भाऊ योजना म्हणजे महाराष्ट्राचा बेरोजगार भत्ता"

नाही. २०२४मध्ये आलेल्या या योजनेचं खरं नाव मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये, वय १८ ते ३५. हे विद्यावेतन आहे. आस्थापनेत रोज हजेरी लावायची आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे. मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली. त्यानंतर मात्र 'आम्हाला कायम करा' म्हणून प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले. त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. सरकारी कार्यालयात जवळजवळ वर्षभर नेहमीच्या कर्मचाऱ्यासारखं काम केल्यावर आपण शिकतोय की राबतोय हे कुणालाही कळेनासं होईल.

"अट घातली की लोक शिकतात"

राजस्थानात मुख्यमंत्री युवा संबल योजनेखाली पदवीधर बेरोजगारांना दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. २०२२पासून त्याची रक्कम पुरुषांना ४,००० आणि महिलांना ४,५०० रुपये झाली, आणि सोबत अट आली : कौशल्य प्रशिक्षण घ्या आणि सरकारी खात्यात रोज चार तास इंटर्नशिप करा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पुरुष उमेदवाराला तासाला चाळीस रुपये पडतात. छत्तीसगढने १ एप्रिल २०२३पासून बारावी झालेल्यांना २,५०० रुपये देऊ केले आणि प्रशिक्षण नाकारलं तर भत्ता बंद असं बजावलं.

अशा अटीने नेमकं काय घडतं याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या केंटकी राज्यात झाला. १९९०च्या दशकात तिथे बेरोजगार विम्याच्या दावेदारांपैकी काहींना पत्रं गेली : तुम्हाला नोकरीशोधाच्या आणि प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांना यावं लागेल. सारख्याच परिस्थितीतल्या लोकांपैकी कुणाला पत्र जाईल हे काही प्रमाणात चिठ्ठी टाकून ठरलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. पत्र मिळालेले लोक सरासरी दोन आठवड्यांहून थोडे लवकर भत्त्याबाहेर पडले. अभ्यासकांना चकित करणारी गोष्ट वेगळीच होती. त्यातले बरेचसे लोक पत्र मिळताच निघून गेले, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच. शिकवण्याने नव्हे, शिकायला यावं लागेल या धास्तीने परिणाम साधला होता.

अटीचे समर्थक म्हणतील, मग उत्तमच की. ज्याला खरी गरज नव्हती तो आपोआप गळला. केंटकीपुरतं ते खरं असेल, कारण तिथला दावेदार कालपर्यंत नोंदणीकृत नोकरीत होता आणि उद्या पुन्हा तशीच मिळवू शकत होता. आपल्याकडे हीच चाळण लावली तर तिच्यातून कोण गळेल? तालुक्याच्या गावाला जाणारी एसटी दिवसातून दोनदाच येते अशा वस्तीतली मुलगी. घरात लहान मूल आहे अशी बाई. आठवड्यातले तीन दिवस रोजंदारी मिळते म्हणून वर्गात बसणं ज्याला परवडत नाही असा तरुण. ज्याच्याकडे वेळ आहे, दुचाकी आहे आणि घरून जेवणखाण मिळतं, तो हजेरी पूर्ण करतो आणि भत्ताही घेतो. एकच अट दोन ठिकाणी अगदी उलट माणसं गाळू शकते, आणि धोरण आखणारे हे विसरतात.

"प्रशिक्षण दिलं की नोकरी लागते"

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल नावाचं एक शहर आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना २००८च्या नाताळाच्या तोंडावर बंद पडला. पत्रकार एमी गोल्डस्टीन यांनी पुढची काही वर्षं त्या शहराचा माग घेतला. कामगारांनी शहाण्यासारखं वागून दाखवलं. पन्नाशीला टेकलेली माणसं स्थानिक तंत्रमहाविद्यालयात भरती झाली, त्यातल्या काहींनी तिथेच पहिल्यांदा संगणक सुरू केला. पण हिशेब मांडल्यावर दिसलं की प्रशिक्षण घेतलेल्यांना नोकरी मिळण्याचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा कमी होतं, आणि ज्यांना नोकरी मिळाली त्यांचा पगारही कमी होता. जे वर्गात न जाता थेट मिळेल ते काम शोधायला निघाले, त्यांनी शहरात उरलेल्या मोजक्या जागा आधीच पटकावल्या होत्या.

यावरून प्रशिक्षण व्यर्थ असा निष्कर्ष काढणं मात्र घाईचं होईल. कार्ड, क्लूव्ह आणि वेबर या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांतले दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. त्यांना दिसलं की प्रशिक्षणाचा परिणाम पहिल्या वर्षात जवळजवळ दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी तो ठळक होतो. कारण सरळ आहे : माणूस वर्गात अडकलेला असताना नोकरी शोधत नाही. परदेशी स्पर्धेमुळे काम गेलेल्या अमेरिकी कामगारांसाठीच्या एका कार्यक्रमातही असंच दिसलं. १९८८पासून तिथे वाढीव भत्त्यासाठी प्रशिक्षणाची अट होती, अपवादासाठी सवलत होती. अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांच्या हिशेबाने त्या कार्यक्रमातल्या कामगारांनी दहा वर्षांत इतरांपेक्षा सुमारे ५०,००० डॉलर जास्त कमावले.

आता हे वेळापत्रक आपल्या योजनांशी ताडून पाहा. ज्या प्रशिक्षणाचं फळ दोन-तीन वर्षांनी मिळतं ते बहुधा लांबलचक असतं, एखादा व्यवसाय मुळापासून शिकवणारं असतं. आपला भत्ता मात्र तीन महिन्यांच्या कोर्सला जोडलेला असतो. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या अल्पकालीन वर्गांमधून प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांनाच काम लागल्याचं सरकारचीच आकडेवारी सांगते. शिवाय भत्त्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं केलं की केंद्रचालकाला ग्राहक आयता मिळतो. मुलं कंटाळून निघून जातील ही भीती त्याला उरत नाही. त्याला शिकवण्यापेक्षा हजेरीपट महत्त्वाचा वाटू लागला तर नवल नाही.

"बेरोजगार म्हणजे कौशल्य नसलेला माणूस"

आपल्या देशात सरकारी श्रमबल पाहणी दरवर्षी उलटंच सांगते. पदवीधरांमधला बेरोजगारीचा दर निरक्षरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. अर्थात निरक्षर माणसाला बेकार बसणं परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण आहेच. पण कमी शिकल्यामुळे बेकारी हा सरधोपट निष्कर्ष तिथे कोसळतो.

आणि मुंबईचं गिरणगाव विसरून कसं चालेल? १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर जे कामगार गिरणीबाहेर फेकले गेले, त्यांच्या हातात कौशल्य नव्हतं असं कोण म्हणेल? एकेकाने वीस-वीस वर्षं साचे चालवले होते. गेली होती ती कौशल्याची बाजारपेठ. १९८६मध्ये केंद्राने कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. गिरणी कायमची बंद झाली तर पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. देशाच्या इतिहासातली ही बऱ्यापैकी उदार मदत होती, कोर्सची अट न घालता दिलेली. मग १९९२मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. त्याचा मोठा गाजावाजा झाला तो फेरप्रशिक्षणासाठी. पैसा मात्र मुख्यतः सरकारी उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला, आणि २०००मध्ये निधीच गुंडाळला. पन्नाशीच्या विणकराला दुसरं काय शिकवायचं आणि शिकल्यावर त्याला घेणार कोण, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

"परदेशात अटी कडक असतात, म्हणून तिथे शिस्त आहे"

जर्मनीने २००५मध्ये अशी कडक पद्धत आणली खरी. नेमाने हजर राहिला नाहीत, देऊ केलेलं काम किंवा प्रशिक्षण नाकारलं, की भत्त्यात कपात. पण २०१९मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ३० टक्क्यांहून जास्त कपात घटनेत बसत नाही असं ठरवलं, कारण जगण्यापुरता पैसा हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. २०२३मध्ये तर पात्रता देणारं शिक्षण घेणाऱ्याला महिना १५० युरो वर मिळतील अशी तरतूद झाली. म्हणजे दंडाऐवजी आमिष. अमेरिकेत तर मूळ अडचणच वेगळी होती. विम्याचा भत्ता घेणाऱ्याने कामासाठी कायम उपलब्ध असलं पाहिजे, म्हणून वर्गात बसलेल्याचा भत्ता तुटायचा. १९७०च्या केंद्रीय दुरुस्तीने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेणाऱ्याचा भत्ता अडवायला राज्यांना मनाई केली. आपल्याकडे आपण सक्तीवर वाद घालतो आहोत, तिथे लोकांना शिकायची परवानगी मिळवावी लागली होती.

"अट म्हणजे घेणाऱ्यावर घालायची असते"

हा गैरसमज मला सगळ्यांत महाग पडणारा वाटतो, आणि तो दूर करायला परदेशात जायची गरज नाही. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीतही अट होतीच : अंगमेहनतीचं काम करा, मग मजुरी. ज्याला गरज नाही तो उन्हात खडी फोडायला येणार नाही, हा त्यामागचा हिशेब. पण १९७७च्या कायद्याने दुसरी अट सरकारवर घातली. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर भत्ता द्यावा लागेल. रक्कम फारच तुटपुंजी होती, तत्त्व मात्र पक्कं होतं. २००५च्या केंद्रीय कायद्याने ते पुढे नेलं : काम वेळेत दिलं नाही तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव पट भत्ता आणि नंतर किमान निम्मा. काम गावापासून पाच किलोमीटरपेक्षा दूर असेल तर मजुरी दहा टक्के जादा.

प्रशिक्षणाची अट घालायचीच असेल तर तिचा मसुदा याच वळणाने लिहायला हवा. पंधरा दिवसांत जवळचं केंद्र दिलं नाही, तर अट रद्द आणि भत्ता चालू. केंद्र पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर बसभाडं वेगळं. लहान मूल असलेल्या बाईसाठी वर्गाशेजारी पाळणाघर, नाहीतर तिला सूट. पन्नाशी ओलांडलेल्याला निवड. आणि केंद्राला पैसे हजेरीवर न देता, मुलं कामावर सहा महिने टिकल्यावर द्यायचे.

२१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने पंधरा दिवसांचं वेतन त्यात भरायचं, आणि ते कपातीनंतर ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. त्या पैशातून त्याने वेल्डिंगचा कोर्स करावा की थकलेलं घरभाडं भरावं, हे संहितेने त्याच्यावरच सोडलं आहे.